फौजीभाऊंचं मडकं

फौजीभाऊंना कुणी 'जय हिंद' केला की ते आधी त्या माणसाच्या पायांकडे बघायचे, मग तोंडाकडे. टाच फुटलेली दिसली किंवा चपलेचा अंगठा सेफ्टी पिनेनं जोडलेला दिसला, की जय हिंद बाजूला राहायचा. "बस इथी. पाय दाखव," म्हणायचे आणि घरातून एरंडीच्या तेलाची बाटली घेऊन यायचे. लहानपणी मला वाटायचं, हे सैन्यात डॉक्टर असतील. ते डॉक्टर नव्हते. सतरा वर्षं त्यांनी उंच पहाडात खच्चरं सांभाळली होती.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण ते स्वतःही आधीच सांगून टाकायचे. बाहेरगावचा पाहुणा आदरानं विचारी, "तुम्ही लढाईत होते का भाऊ?" तर फौजीभाऊ म्हणत, "लढाई समोर होती. मी खच्चराच्या मांगं होतो." मग फौजीभाऊच त्याची समजूत काढत, "पन वर पोचणारं पीठ, तेल, गोळी, सारं आमच्या खच्चराच्या पाठीवरून जाय. उपाशी मानूस का लढन?"

त्यांचं नाव पत्रुजी. ते नाव फक्त रेशन कार्डावर आणि मतदार यादीत होतं. गावात लहानमोठे सगळे त्यांना फौजीभाऊ म्हणत. आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावाहून चामोर्शीकडे जाताना लागणाऱ्या एका फाट्यापासून तीन किलोमीटर आत आहे. एका बाजूला तलाव, भोवती बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, आणि फाट्यापर्यंतच्या रस्त्यावर मध्ये जंगलाचा पट्टा. फौजीभाऊंचं घर आमच्या बौद्ध वस्तीत, आमच्या घरापासून चौथं. त्यांचा सगळा जन्म मला माहीत नाही आणि तो सांगायची माझी पात्रताही नाही. मी पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहिते.

त्यांची बायको कौसल्याबाई. ती गेली तेव्हा मी नववीत होते. तिच्याइतकं फौजीभाऊंना गावात दुसरं कुणी बोलू शकत नव्हतं. ती ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "सतरा वर्स तिकडं 'जी साब, जी साब' केलं ह्या मानसानं. सारा वचपा माह्यावर काढते. वांगे करू का? नाई. भेंडी करू का? नाई. मंग का करू? तं म्हनते, विचार करून सांगतो."

फौजीभाऊ आतून ओरडत, "लाखोळीच्या डाळीचे वडे कर. त्याले मी कधी नाई म्हनलो काय?"

लाखोळी म्हणजे धान कापल्यावर त्याच ओलीवर बांधीत टाकतात ती डाळ. आमच्या भागात घरोघरी असते. तिचा दाणा चौकोनी, बोथट, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. पुढं याच दाण्यानं आमच्या गावाचं बरंच काही ठरवलं, म्हणून सांगितलं.

मी सहावीत असताना शाळेत पंधरा ऑगस्टला फौजीभाऊंना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. हेडमास्तरांनी शाल दिली, नारळ दिला आणि म्हणाले, "आता भाऊ आपल्याला एक शौर्यकथा सांगतील." फौजीभाऊ उभे राहिले. कोट, छातीवर दोन पदकं, गुळगुळीत दाढी. लग्न असो की मयत, त्यांची दाढी कधी वाढलेली मी पाहिली नाही.

"माह्यापाशी राणी नावाची खच्चर होती," त्यांनी सुरुवात केली. "एक डाव वरून हुकूम आला, पोरं वर उपाशी आहेत, आजच्या आज माल पोचला पाह्यजे. मी म्हनलो, जी साब. राणी म्हनली, नाई."

पोरं हसायला लागली.

"हासू नका. कान मांगं केले अन् उभी राह्यली. मी ओढलं. शिव्या देल्ल्या. गूळ देल्ला. तिनं गूळ खाल्ला अन् उभीच. मंग मले शंका आली. हातातली काठी समोरच्या बरफात खुपसली. तं काठी गेली आत. पुरी गेली. खाली जमीनच नोयती."

हेडमास्तरांनी संधी साधली. "तर मुलांनो, यातून आपल्याला सैनिकाचं धैर्य..."

"धैर्य राणीचं गुरुजी," फौजीभाऊ म्हणाले. "मी तं हुकमाप्रमानं मरालेच चाललो होतो." मग ते आमच्याकडे वळले. त्यांचे ते शब्द मला जवळजवळ पाठ आहेत. "पोराहो, फौजेत 'जी साब' म्हनाच लागते. तिथी तेच बराबर आहे. पन कोनीतरी तिथी 'जी साब' म्हनते, म्हनून तं इथी तुमाले 'नाई साब' म्हनता येते. ते तुमी म्हनलंच नाई, तं मी बरफात कायले बसलो होतो?"

हेडमास्तरांनी घाईनं भारत माता की जय म्हणवून घेतलं. आम्हाला त्या दिवशी फक्त राणी कळली.

'नाई साब' म्हणण्याची हौस ते स्वतः मात्र रोज भागवून घेत. पूर्वी आमच्याकडे ग्रामसभा कागदावरच व्हायची. सभेच्या दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा आणि लोक चुलीपाशी, गोठ्यापाशी, जिथं असतील तिथं सही किंवा अंगठा द्यायचे. फौजीभाऊ सैन्यातून परत आले त्या वर्षी शिपाई त्यांच्याकडेही गेला. ही गोष्ट माझ्या बाबांनी सांगितलेली.

"भाऊ, सही."

"कायची?"

"कालच्या सभेची."

"मी काल बांधीत होतो."

"सारेच बांधीत होते जी. सारेच सही करून राह्यले."

"मंग सभेत कोन होतं?"

शिपायानं खरं सांगितलं, "कोनीच नाई."

फौजीभाऊंनी रजिस्टर परत दिलं. "मंग त्या कोनीच नाईची सही घे."

पुढच्या सभेला ते एकटेच शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसले. दुपारपर्यंत बसले. त्याच्या पुढच्या सभेला चौघं आले. बाबा म्हणतात, लोक सभेसाठी नाही, फौजीभाऊ काय करतात ते पाहायला यायचे. पण आले. आणि आले की फौजीभाऊंचा नियम लागू व्हायचा: नाव, बात, बैठ. उभं राहा, आपलं नाव सांगा, बोला, बसा. मध्येच कुणी बसल्या बसल्या ओरडलं तर ते तिकडे बघतसुद्धा नसत. सरपंच बाई झाल्या तेव्हा त्यांचे मालक सभेत शेजारी बसून सगळं बोलायचे. फौजीभाऊ एकदा उभे राहिले, स्वतःचं नाव सांगितलं आणि विचारलं, "सरपंच कोन आहे?" मालक म्हणाले, "हे आहे ना, आमच्या घरची." फौजीभाऊ म्हणाले, "मंग घरची घरी ठेवा. इथी गावची पाह्यजे." सरपंचबाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसापासून त्या स्वतः बोलू लागल्या. मालक मात्र शेजारी बसायचे काही थांबले नाहीत.

सैन्यात असताना फौजीभाऊंना कधी मत देता आलं नव्हतं. टपालानं मतपत्रिका यायची ती पहाडावर पोचेपर्यंत निकाल लागलेला असायचा. म्हणून मतदानाच्या दिवशी ते कोट घालून, पदकं लावून, पहाटेच केंद्रावर हजर असत. एकदा रांग मोठी होती. कुणी म्हणालं, "फौजीभाऊ, तुमी समोर व्हा जी. तुमचा मान आहे." ते मागं फिरून रांगेच्या शेवटी गेले. म्हणाले, "साऱ्या देशात एवढी एकच लाईन आहे जिथी मान नाई. ते तरी खराब करू नका." आणि आपल्यामागं उभ्या राहिलेल्या बाईच्या टाचा बघून तिला एरंडीचं तेल सांगितलं.

आता मडक्याची गोष्ट. ती माझ्या डोळ्यांसमोर झाली. मी तेव्हा दहावीत होते.

तलावाचं पाणी कधी सोडायचं, यावर सभा होती. ज्यांची मोठी शेती त्यांना लवकर हवं होतं, ज्यांच्या एक-दोन बांध्या त्यांना उशिरा. हात वर करायला सांगितलं. फौजीभाऊ मोजायला उभे होते. ते मोजताना मध्येच थांबले आणि खाली बसले.

"का झालं भाऊ?" सरपंचबाईंनी विचारलं.

"हे मोजनं खोटं आहे. हात वर कराच्या पयले सारे वावराच्या मालकाच्या तोंडाकडं पाह्यत होते. धानाच्या रोवण्याले मजुरीनं त्याईच्याकडंच जा लागते, तं हातबी त्याईच्याच मनानं वर जाते."

ते खरं होतं. माझ्या आईचाही हात तसाच गेला होता. मालक म्हणवणारे दोघं-तिघं समोरच बसलेले होते. तेही खाली बघत होते.

फौजीभाऊ घरी गेले आणि दोन मडकी, एका फडक्यात धान आणि एका फडक्यात लाखोळी घेऊन आले. प्रत्येकाला एक धानाचा दाणा, एक लाखोळीचा. पाणी लवकर सोडायचं का? धान म्हणजे हो, लाखोळी म्हणजे नाही. मूठ बंद करून पहिल्या मडक्यात हात घालायचा आणि आपला दाणा सोडायचा. उरलेला दुसऱ्या मडक्यात. धानाला टोक असतं, लाखोळी बोथट. मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांनाही नुसत्या बोटांनी कळतं. मला अजूनही वाटतं, याहून चांगली युक्ती कुणाला सुचली नसती.

पण पहिल्या वेळी ती फसली. मडकं उपडं केलं तर धानाचा ढीग पडला. सभेला माणसं शंभराच्या आत आणि दाणे हजाराच्या वर. फौजीभाऊ ढिगाकडे बघत राहिले.

"हे कोन केलं?"

आमच्या शेजारची ईसराबाई, तेव्हा सत्तरीची असेल, बसल्या जागेवरून म्हणाली, "मी टाकलं. मूठभर टाकलं."

"नाव, बात, बैठ," कुणीतरी मागून चिडवलं. ईसराबाई उठली.

"मी ईसरा. गावाच्या मडक्यात धान टाकाचं, अन् एक दाना? भिकारीबी दारात आला तं मी मूठ टाकतो. एक दाना टाकाले मी का कंजूस आहो? तू दाने वाटत होता तवा घरी जाऊन आनलं फडक्यात बांधून."

आणि मग कळलं की ती एकटी नव्हती. निम्म्या बायांनी पदराच्या गाठीतून मूठ मूठ धान सोडलं होतं. एकच दाणा टाकणं त्यांच्या हाताला जमलंच नव्हतं. फौजीभाऊ इतके हसले की त्यांना व्हरांड्याच्या खांबाला धरावं लागलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि सगळ्यांना पुन्हा सांगितलं, "बाई, इथी गरीब-श्रीमंत साऱ्याचा एकच दाना. जास्त टाकला तं तुहं मत मोठं होत नाई, खराब होते." ते धान त्यांनी शाळेच्या खिचडीत दिलं आणि सभा दुसऱ्यांदा मतदानाला बसली. या वेळी लाखोळी जास्त निघाली. तलावाचं पाणी उशिरा सुटलं. मालकांपैकी एक जण जाताना हसत म्हणाला, "फौजी, हे मडकं भारी पडन आमाले." फौजीभाऊ म्हणाले, "एखांद्या दिवशी मलेबी पडन."

असं ते म्हणाले खरे. तो दिवस माझ्यामुळं येईल असं मला तेव्हा वाटलं असतं, तर मी शाळाच सोडली असती.

गावाच्या चौकात फौजीभाऊंनी बांधलेला झेंड्याचा ओटा होता. सैन्यातून आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी आणि कौसल्याबाईंनी तो दोघांनीच बांधला. वैनगंगेची रेती बंडीनं आणली. ती घमेलं उचलून द्यायची, हे थापी मारायचे. दर वर्षी दोनदा ते त्याला चुना लावत. सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला तिथं झेंडा चढायचा आणि दोरीची गाठ फौजीभाऊच बांधायचे. कौसल्याबाई गेल्यावर संध्याकाळी ते त्या ओट्याच्या कडेला टेकून बसत. तिथं काही बोलायची माझी हिंमत होत नसे.

मी बारावी झाले आणि मूलच्या कॉलेजात बी.ए.ला गेले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बाबा मूललाच राईस मिलमध्ये पोती उचलतात, सायकलनं अंधारात जातात. मी आणि वस्तीतल्या दोन मुली रोज फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चालत जायचो आणि तिथून एसटी धरायचो. चालायचं कसं तेही फौजीभाऊंनीच शिकवलं होतं: तिघी एकत्र, आडव्या ओळीत, मोठ्यानं बोलत, मोबाईल खिशात. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्याच रस्त्यावर वाघानं गोऱ्हा धरला. भर सकाळी. त्या दोन मुलींनी जाणं सोडलं. बाबा मला म्हणाले, "गाडी गावात आली तं जाजो. नाई तं यंदा पुरं झालं." पुढचं ते बोलले नाहीत, पण आत्यानं एक स्थळ आणलं होतं ते मला माहीत होतं.

गाडी गावात यावी म्हणून मी आगारात अर्ज दिला. कसा दिला ते लिहीत नाही, दोनदा दारातून परत आले होते. पण साहेब चांगले होते. ते स्वतः गावात आले, चौक पाहिला, पावलांनी मोजला. एका बाजूला तलावाची पाळ, दुसऱ्या बाजूला घरं, मधोमध ओटा. "रस्ता चांगला आहे," ते म्हणाले. "पण गाडी वळायला जागा नाही. हा ओटा नसता तर उद्या सुरू केली असती. ग्रामसभेचा ठराव पाठवा."

गावात हे सगळ्यांना कळलं आणि सगळे गप्प बसले. फौजीभाऊंच्या ओट्याबद्दल कोण बोलणार? आई म्हणाली, "त्याईच्या तोंडावर बोलशीन तू? लहानपनी तुह्या पायातला काटा त्याईनं काहाडला."

पंधरा ऑगस्टला सकाळी ओट्यावर झेंडा चढला. फौजीभाऊंनी गाठ बांधली, सलाम केला. दहा वाजता शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. शेवटी सरपंचबाईंनी विचारलं, आणखी कुणाला काही? मी उभी राहिले. मला एवढंच सुचत होतं की फौजीभाऊ माझ्या पायांकडे बघत असतील.

"गाडी गावात पाहिजे," मी म्हणाले. "ओटा चौकातून काढून शाळेत बांधावा. झेंड्याला शाळेत जागा आहे. गाडीला दुसरी जागा नाही. गाडी नाही आली तर माझं कॉलेज बंद होतं." आणि बसले.

मग फौजीभाऊ उभे राहिले.

"मी पत्रु. माहं म्हननं असं आहे. गाडी आज येते, उद्या पाशिंजर नाई म्हनून बंद होते. असं दहा गावात झालं. ओटा एकडाव फोडला का फोडला. तो मी एकट्यानं नाई बांधला." इथं ते जरा थांबले. "माहं मत नाई आहे."

ते बसले. सरपंचबाईंच्या मालकांना हायसं वाटलं. "झालं तं मंग. फौजीभाऊच नाई म्हनतेत. देशासाठी एवढं केलेला मानूस. विषय संपला. पोरी, तुह्यासाठी दुसरं काई पाहू."

फौजीभाऊ पुन्हा उठले. नाव सांगायचंही विसरले. "मी नाई म्हनलो म्हनून विषय संपते का? मी का गावचा राजा आहो? फौजेत होतो म्हनून माहं मत दोन दान्याचं झालं का? मडकं आना."

"भाऊ, कायले..."

"मडकं आना म्हनलो ना."

मडकी आली. फौजीभाऊंनी स्वतःच दाणे वाटले. माझ्यासमोर आले तेव्हा माझ्या तळहातावर एक धान, एक लाखोळी ठेवली आणि पुढं गेले. रांगेत ईसराबाई मडक्यापाशी अडून बसली. "दोन्ही टाकू का गा? फौजीबी माहा, पोरगीबी माही."

"एकच, बाई."

"मंग डोळे तिकडं कर."

त्यांनी खरंच तोंड फिरवलं.

मोजायला सरपंचबाई आणि फौजीभाऊ बसले. एका बाजूला धान, एका बाजूला लाखोळी. मला त्या ढिगांकडे बघवेना. मी आईच्या पदराकडे बघत होते. एकदा मोजलं. फौजीभाऊ म्हणाले, "पुन्हा." पुन्हा मोजलं. मग ते उभे राहिले, कोट खाली ओढला आणि साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं सरळ समोर बघत म्हणाले, "धान त्रेपन्न. लाखोळी सेहेचाळीस. ठराव मंजूर."

कुणी टाळी वाजवली नाही. ग्रामसेवकानं लिहायला घेतलं. फौजीभाऊ त्याच्या खांद्यावरून वाचत होते. एकाएकी म्हणाले, "ठराव कोन मांडला, ते कोरंच आहे इथी."

"माहीत आहे ना जी साऱ्याईले."

"माहीत असून का होते? पन्नास वर्सांनी कोनी वाचन त्याले माहीत राहीन का?" मग त्यांनी मला हाक मारली. "नाव नाई सांगितलं तू. ये. आपल्या हातानं लेह."

मी गेले. रजिस्टरमध्ये माझं पूर्ण नाव लिहिलं, आईचं नाव मध्ये घालून. अक्षर वेडंवाकडं आलं. फौजीभाऊंनी वाचलं, मान हलवली आणि चपला घालून घरी निघून गेले. संध्याकाळी झेंडा उतरवायला तेवढे आले. घडी केली, छातीशी धरली आणि गेले.

त्यानंतर चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मला जेवण जाईना. आईनं लाखोळीचे वडे केले आणि स्वतः डबा घेऊन गेली. परत आली तेव्हा डबा रिकामा होता.

"का म्हनले?"

"म्हनले, सांग पोरीले, मी रागावलो नाई. मी हारलो. दोन्ही येगयेगळं आहे. हाराले चार दिवस लागते."

पाचव्या दिवशी सकाळी चौकात सब्बलीचा, म्हणजे पहारीचा, आवाज आला. फौजीभाऊ दाढी करून, जुनी खाकी पँट घालून ओट्यापाशी उभे होते. पोरं धावली, "भाऊ, तुमी सोडा, आमी करतो." ते म्हणाले, "बांधला मी, तं पयली सब्बल माही." पहिली सब्बल मारली, मग बाजूला बसले आणि दिवसभर पोरांना बोलत राहिले: ईट फोडू नको गा, सिमेंट खरड. ती ईट तिकडं ठेव. त्या ईटेले कौसल्याचा हात आहे, नीट धर. सगळ्या विटा शाळेत गेल्या. नवा ओटा पोरांनी बांधला. फौजीभाऊ फक्त दोरी धरून उभे होते, एक ओळ वाकडी गेली तर सगळी काढायला लावत होते. त्या दिवसांत एकदा ते माझ्याकडे आले, माझ्या चपलेकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता गाडीत बसून जाशीन, तं ह्या चालतीन."

गाडी आली ती सोमवारी सकाळी. अर्धा गाव चौकात. त्या दोन मुलीही दप्तर घेऊन उभ्या होत्या. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी फौजीभाऊंना त्याच दुपारी नागभीडला मुलीकडे जायचं होतं. जावई न्यायला आले होते. मुलीनं नंतर त्यांना परत येऊ दिलं नाही, ते अजून तिथंच आहेत. तेव्हा आम्हाला वाटलं होतं आठ दिवसांत येतील. म्हणून मी त्यांचा नीट निरोपही घेतला नाही.

ड्रायव्हरनं चौकात गाडी थांबवली आणि खिडकीतून बाहेर बघितलं. ओट्याच्या जागेवर नुसती पांढुरकी माती होती. फौजीभाऊ त्या मातीवर जाऊन उभे राहिले आणि हातानं खुणा करायला लागले: ये, ये, उजवीकडं, आनखी. ड्रायव्हर ओरडला, "बाजूला व्हा जी बाबा." ते व्हायचे तेवढेच बाजूला झाले आणि खुणा करतच राहिले. गाडी एका दमात वळली. आम्ही चढलो. मी खिडकीपाशी बसले.

कंडक्टर दारात उभा होता. त्यानं त्या पांढऱ्या मातीकडे बघत विचारलं, "इथं आधी काही होतं का?"

"होतं ना," फौजीभाऊ म्हणाले. "माहा ओटा होता. गावानं काहाडला."

"मग तुम्ही नाही म्हणाले नाही?"

"म्हनलो. भर सभेत म्हनलो." गाडी हलली, तसे ते दोन पावलं गाडीबरोबर चालत आले. नातवाचा पहिला नंबर आला हे सांगताना माणसाचं तोंड होतं, तसं त्यांचं तोंड झालं होतं. "कोनी आयकलं नाई माहं."